टेबल नंबर १३७ : एका मूकपटातली गर्दी

गर्दीत उभा राहून 'काय गर्दी आहे!' म्हणणारा माणूस स्वतःला कधी त्या गर्दीत धरत नाही. आपण कामाला निघालेलो असतो आणि बाकीचे उगाच आडवे आलेले असतात. गर्दी म्हणजे नेहमी बाकीचे. पण त्या बाकीच्यांच्या लेखी आपण कोण? या एवढ्याशा प्रश्नावर १९२८ साली अमेरिकेत एक अख्खा चित्रपट निघाला, तोही एक अक्षर न बोलता. दिग्दर्शक किंग विडॉर ('किंग' हे त्याचं खरोखरचं नाव, पदवी नव्हे), कंपनी मेट्रो-गोल्डविन-मेयर आणि नाव 'द क्राउड', म्हणजे सरळ 'गर्दी'.

मूकपट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भरभर धावणारी माणसं आणि हातवारे येतात. ती भरभर बऱ्याचदा आपल्याच यंत्रांची चूक असते. त्या काळी सगळे कॅमेरे एकाच ठरलेल्या वेगाने फिरत नसत, आणि कमी वेगाने टिपलेली फिल्म आजच्या वेगाने दाखवली की माणसं पळायला लागतात. बाकी १९२७-२८ पर्यंत मूकपट चांगलाच वयात आला होता. शब्द नाहीत म्हटल्यावर सांगायचं ते कॅमेरा कुठे ठेवला, किती जवळ आणला, कधी मागे घेतला यातूनच सांगायचं, ही कला तीस वर्षांत घोटून तयार झाली होती. मग बोलपट आला. सुरुवातीच्या बोलपटांत कॅमेऱ्याची घरघर माइकमध्ये जाऊ नये म्हणून त्याला आवाजबंद खोपट्यात कोंडून ठेवत. पात्रं बोलायला लागली आणि कॅमेरा जागच्या जागी खिळला. 'द क्राउड' त्या कोंडण्याच्या अगदी तोंडावर आला, आणि त्यातला कॅमेरा हुंदडतो.

कथा सांगायला फार वेळ लागत नाही. ४ जुलै १९०० रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, एका लहान गावात जॉन सिम्स जन्मतो. हा कुणीतरी मोठा होणार, असं बापाने तेव्हाच ठरवून टाकलेलं. जॉन बारा वर्षांचा असताना बाप वारतो. एकविसाव्या वर्षी जॉन न्यूयॉर्कला येतो, विमा कंपनीत कारकुनी धरतो, मेरीच्या प्रेमात पडतो, लग्न करतो. दोन मुलं होतात. पगार थोडा वाढतो, कुरबुरी बऱ्याच वाढतात. मग एक घाव बसतो आणि सगळं विस्कटतं. खलनायक कुणी नाही, खून नाही, वारसाहक्काचा खटला नाही. 'द बिग परेड' हा विडॉरचा युद्धपट १९२५ साली तुफान चालला होता, त्यामुळे आता पुढे काय, असं स्टुडिओचा निर्माता आयर्व्हिंग थॅलबर्गने विचारलं. साधा माणूस रोजचं आयुष्य जगतो ती पण लढाईच की, अशा अर्थाचं काहीतरी विडॉर बोलून गेला, आणि थॅलबर्गने होकार दिला. एका यशाच्या बळावर असा धंद्याला न परवडणारा विषय पदरात पाडून घेता येतो, याचं हे जुनं उदाहरण.

बाप गेल्याचा प्रसंग आधी सांगतो, कारण पुढची सगळी किल्ली तिथे आहे. दारात गाडी येते, शेजारीपाजारी जमतात. कॅमेरा जिन्याच्या वरच्या टोकाला आहे. लांबलचक, बोगद्यासारखा जिना, तळाशी उघडं दार आणि दारात ती बघी माणसं. त्यांच्यातून पोरगा सुटा होतो आणि एकेक पायरी चढत आपल्याकडे येतो. जिन्याचा सेट मुद्दाम निमुळता बांधलाय, त्यामुळे खालची माणसं आहेत त्याहून लांब वाटतात. मागे गर्दी, पुढे वाईट बातमी, मधे एकटं पोर. हे सांगायला पाटी लागत नाही. असा वाकवलेला अवकाश ही जर्मन मूकपटांची देणगी, आणि विडॉरवर त्यांचा प्रभाव उघड दिसतो.

पाटी म्हणजे दृश्यांच्या मधे येणारा लिखित मजकूर. आपल्याकडच्या मूकपटांत त्याच पाट्या इंग्रजी, हिंदी, गुजराती, मराठी अशा अनेक भाषांत दिसत, आणि ज्याला वाचता येई तो शेजाऱ्यांसाठी मोठ्याने वाचे. 'द क्राउड'च्या पाट्या जोसेफ फार्नम यांच्या. पहिल्या ऑस्करच्या वेळी पाट्या लिहिण्याचं बक्षीस त्यांनाच मिळालं. ते पहिलं आणि शेवटचंच, कारण पुढच्या वर्षापर्यंत तो धंदाच बुडाला.

आता तो प्रसिद्ध शॉट. जॉन बोटीतून न्यूयॉर्कला येतोय. शेजारचा प्रवासी त्याला सांगतो, या शहरात गर्दीवर मात करायची तर अंगात धमक पाहिजे. जॉन म्हणतो, मला फक्त संधी मिळू दे. मग शहर दिसतं: रस्ते, मोटारी, माणसांचे लोंढे. त्यातला काही भाग विडॉरने न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर कॅमेरा लपवून टिपला. लोकांना पत्ता नव्हता, त्यामुळे गर्दी खरी आहे, भाड्याची नाही. मग कॅमेरा एका उंच इमारतीच्या पायथ्याशी येतो, मान वर करतो आणि भिंतीवरून चढायला लागतो. मजल्यामागून मजला, सगळ्या खिडक्या सारख्या. त्यातली एक खिडकी तो निवडतो आणि आत शिरतो. आत मैदानाएवढी खोली, टेबलांच्या रांगाच रांगा, प्रत्येक टेबलाशी सारखाच वाकलेला माणूस. कॅमेरा त्यांच्या डोक्यांवरून सरकत खाली उतरतो आणि एका टेबलाशी थांबतो. नंबर १३७. जॉन सिम्स.

क्रेन, ड्रोन, संगणक यातलं काही हाताशी नसताना हे कसं केलं? सुरुवातीला खरी इमारत. मग नकळत तिच्या जागी प्रतिकृती येते. ही प्रतिकृती स्टुडिओच्या जमिनीवर चक्क आडवी निजवली होती. कॅमेरा तिच्यावरून नुसता आडवा सरकवत नेला, आपल्याला तो भिंत चढतोय असं वाटतं. ज्या खिडकीत शिरायचं तिच्या आत त्या कचेरीचा मोठा केलेला फोटो लावला होता. कॅमेरा जवळ पोचला की एक चित्र विरत दुसरं उमटतं, आणि फोटोच्या जागी खरी कचेरी येते. त्या कचेरीसाठी स्टुडिओचा अख्खा मजला रिकामा करून दोनशे टेबलं मांडली, आणि वर तार बांधून तिच्यावरून लोंबकळता कॅमेरा नायकापर्यंत नेला. हे गुपित विडॉरने स्वतःच पुढे आत्मचरित्रात फोडलं. (बिली वाइल्डरच्या १९६० च्या 'द अपार्टमेंट'मधली टेबलांच्या अंतहीन रांगांची कचेरी आठवते ना? ती याच घराण्यातली.)

करामत बाजूला ठेवू, कारण खरी गोम वेगळीच आहे. हजार खिडक्यांतून कॅमेऱ्याने हीच का निवडली? १३६ किंवा १३८ नंबरच्या टेबलाची गोष्ट का नाही? उत्तर नाही, आणि तेच उत्तर. जॉन नायक आहे तो कॅमेरा त्याच्यापाशी थांबला म्हणून. जवळ गेलं की माणूस, लांब राहिलं की गर्दी. या एका सूत्रावर पुढचा सगळा चित्रपट चालतो, आणि हे सूत्र डोक्यात ठेवून बघितलं की तो अवघड राहत नाही.

प्रेमप्रकरण बघा. सहकारी बर्ट जॉनला आपल्याबरोबर ओढून नेतो, दोघांना दोन मुली. त्यातली एक मेरी. उघड्या टपाच्या दुमजली बसमध्ये वर बसून ही मंडळी खालच्या गर्दीकडे बघतात. खाली एक माणूस विदूषकाच्या वेषात, अंगावर जाहिरातीची पाटी अडकवून चेंडू झेलत फिरतोय. जॉन खो खो हसतो. बिचारा! याच्या बापाला वाटलं असेल, पोरगा राष्ट्राध्यक्ष होणार! हे वाक्य बोलणाऱ्याच्या बापाला नेमकं काय वाटलं होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. जॉनला त्याची आठवणही येत नाही. बसच्या वरच्या मजल्यावर बसला की कुणीही गर्दीबाहेरचा होतो.

मग कोनी आयलंडची जत्रा, घसरगुंड्या, अंधाराच्या बोगद्यातली चुंबनं. परतीच्या गाडीत जॉनची नजर एका जाहिरातीवर जाते. मुलगी तुम्ही आणा, घर आम्ही सजवून देऊ, असा तिचा मतलब. तो तिथेच मेरीला मागणी घालतो. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण प्रेम खरं आहे आणि त्याचे शब्द फर्निचरच्या दुकानाचे आहेत. मोठ्या शहरात माणूस आपल्या मनातलं सगळ्यात खासगी वाक्यसुद्धा भिंतीवरून उचलतो, हे विडॉरने हसतहसत दाखवून दिलंय. त्याला टोमणा मारायचा नाहीये. त्या क्षणी जॉन आणि मेरी इतके खुशीत आहेत की आपणही ती जाहिरात माफ करतो.

लग्नानंतर नायगारा धबधबा, आणि मग खरं शहर, म्हणजे जागेचा प्रश्न. खिडकीबाहेर उन्नत रेल्वेची धडधड, भिंतीतून पाडायचा पलंग, नीट न लागणारं दार, आणि संडास. हो, पडद्यावर संडासाचं भांडं दिसतं, आणि तेव्हाच्या अमेरिकन पडद्यावर ही जवळजवळ न ऐकलेली गोष्ट होती. स्टुडिओप्रमुख लुई बी. मेयर त्यामुळे या चित्रपटावर कायमचे खप्पा झाले, असं विडॉर सांगत असे. पहिल्या ऑस्करला दिग्दर्शनासाठी विडॉरचं आणि 'आगळीवेगळी, कलात्मक निर्मिती' या विभागात चित्रपटाचं नामांकन होतं. या दुसऱ्या विभागातला मान एफ. डब्ल्यू. मुर्नाऊच्या 'सनराइज'ला गेला. मेयरनेच आपल्याविरुद्ध वजन टाकलं, असं विडॉरचं म्हणणं. खरंखोटं काहीही असो, संडासाशिवाय हा चित्रपट उभा राहत नाही. ज्या घरात एकाला बसायचं तर दुसऱ्याला उठावं लागतं तिथे प्रेमाचं काय होतं, हे भांडणाच्या पाट्या वाचून कळत नाही. बिघडलेल्या साखळीकडे आणि न लागणाऱ्या दाराकडे बघून कळतं. मेरीचं काम करणारी एलिनॉर बोर्डमन ही विडॉरची तेव्हाची बायको. झगमगीत भूमिकांत दिसणाऱ्या या नटीला इथे विस्कटलेल्या केसांनी आणि थकलेल्या चेहऱ्याने उभं केलंय, आणि माझ्या मते अभिनयात तीच सगळ्यांच्या वरचढ आहे. बाळ होणार आहे हे ती सांगते तेव्हा त्या चेहऱ्याकडे बघा. भांडण अजून गालावर आहे, हसू ओठांपर्यंत पोचलंय.

मधला घाव तो असा. साबणाच्या, म्हणजे साफसफाईच्या पुडीच्या, जाहिरातीसाठी घोषवाक्य सुचवून जॉन पाचशे डॉलर जिंकतो. चेंडू झेलणाऱ्या त्याच विदूषकावरून त्याला ते सुचलेलं असतं. तो खेळणी घेऊन घरी येतो आणि नवराबायको खिडकीतून रस्त्यापलीकडच्या मुलांना हाक मारतात. मुलं धावतात. मोठा मुलगा पोचतो, धाकटी मुलगी ट्रकखाली सापडते.

यानंतरचं दृश्य चित्रपटाचा गाभा आहे, आणि त्यात मूकपट असण्याचाच फायदा उठवलाय. मुलगी आत शेवटच्या घटका मोजतेय. बाहेर शहराचा गोंगाट चालू. जॉन तोंडावर बोट ठेवून आधी जिन्यातल्या माणसांना गप्प करतो, मग रस्त्यावर उतरतो. बंब चाललाय, माणसं धावतायत, आणि हा हात पसरून उलट्या दिशेने सगळ्यांना 'हळू, हळू' म्हणत निघालाय. पोलीस त्याला आवरतो आणि म्हणतो, तुझं पोर आजारी आहे म्हणून जग थांबत नसतं. गंमत अशी की आपल्याला आवाज ऐकूच येत नाहीये. चित्रपट मुळात मुका! तरी आपल्याला वाटतं, बाबांनो, जरा गप्प बसा ना. बोलपटात इथे खरा कलकलाट ऐकवावा लागला असता आणि तो ऐकून संपला असता. इथे तो आपण डोक्यात तयार करतो, त्यामुळे तो बंद करायची सोयच राहत नाही. पुढे पाटी येते: गर्दी तुमच्याबरोबर नेहमी हसते, पण रडते ती एकच दिवस.

कामावर परतलेल्या जॉनच्या डोळ्यांसमोर आकड्यांत तो ट्रक येत राहतो. तो नोकरी सोडतो, दुसऱ्या टिकत नाहीत. लक्षात घ्या, हा १९२८ च्या फेब्रुवारीतला चित्रपट आहे. शेअर बाजार कोसळायला अजून वीस महिने होते. तेजीची वर्षं होती. १९२० च्या जनगणनेत अमेरिकेची निम्म्याहून जास्त वस्ती पहिल्यांदाच शहरी ठरली होती, आणि शहरात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जात होतं की धमक असेल तर नाव होईल. अशा वेळी विडॉर कामाच्या दारापुढे उभ्या बेकारांची रांग दाखवत होता. मंदी आल्यावर केलेला चित्रपट आणि मंदीआधी केलेला चित्रपट यात मोठा फरक आहे. पहिल्यात दोष परिस्थितीला देता येतो. इथे जॉन काही केवळ परिस्थितीचा बळी नाही. तो बढाईखोर आहे, हट्टी आहे, मेव्हण्यांनी देऊ केलेली नोकरी नाकारतो. त्याचं नशीब उघडणार ते बसल्याजागी, अशी त्याची खात्री. आपल्याला त्याचा राग येतो, आणि मग आरशात बघितल्यासारखंही वाटतं.

तो रेल्वेच्या पुलावर जीव द्यायला जातो, बरोबर मुलगा. जमत नाही. मुलगा म्हणतो, मोठा झाल्यावर मला तुमच्यासारखं व्हायचंय. बाप कसा, हे ठाऊक असूनही म्हणतो. जॉन धावत काम शोधायला जातो, आणि मिळतं ते काम कोणतं? विदूषकाचा वेष, अंगावर पाटी आणि हातात चेंडू. बसच्या टपावरून आता दुसरं कुणीतरी हसत असणार. विडॉर ती बस पुन्हा दाखवत नाही. ती आपल्याला आपोआप दिसते.

शेवटावरून स्टुडिओत बरंच रामायण झालं. अनेक शेवट करून पाहिले. अखेर चित्रपटगृहांकडे दोन शेवट पाठवले आणि हवा तो लावा असं सांगितलं. एकात जॉन जाहिरातीच्या धंद्यात श्रीमंत होऊन नाताळच्या झाडाजवळ कुटुंबासह उभा. दुसरा विडॉरचा, आणि आज सगळीकडे तोच दिसतो. त्यात जॉन पगाराच्या पैशातून फुलांचा गुच्छ आणि नाटकगृहाची तिकिटं आणतो. घर सोडून निघालेली मेरी थांबते. दोघं मुलाला घेऊन विनोदी कार्यक्रमाला जातात. कार्यक्रमपत्रिकेत जॉनचीच ती जुनी जाहिरात छापलेली असते, ती तो अभिमानाने शेजाऱ्याला दाखवतो. रंगमंचावर विदूषक कोलांट्या मारतायत. सगळे पोट धरधरून हसतायत. आणि कॅमेरा मागे जायला लागतो. आधी तिघं, मग रांग, मग रांगाच रांगा, मग नुसती हलणारी डोकी.

हा शेवट सुखाचा की दुःखाचा, यावर वाद घालणारे दोन्हीकडचे लोक मला भेटलेत. नवरा-बायको एकत्र आले, म्हणजे सुखाचा. जॉन गर्दीत विरघळला, म्हणजे दुःखाचा. माझं मत असं की तिथे जॉन पहिल्यांदा शेजाऱ्याबरोबर हसतो. बसवर असताना तो दुसऱ्याला हसत होता.

पडद्याबाहेरची गोष्ट मात्र वाईट आहे. जॉन झालेला जेम्स मरे हा स्टुडिओतला एक्स्ट्रा, म्हणजे अक्षरशः गर्दीतला माणूस. विडॉरने त्याला जाता-येता पाहिलं, भेटायला बोलावलं आणि हा गेलाच नाही. थट्टा वाटली. पुढे नाव झालं आणि दारूने ते घालवलं. काही वर्षांनी रस्त्यात भीक मागणारा माणूस विडॉरसमोर आला, तो मरे निघाला. विडॉरने त्याला नव्या चित्रपटात भूमिका देऊ केली. तीही त्याने झिडकारली. १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या हडसन नदीत तो बुडून मेला. वय पस्तीस. विडॉरला या माणसावर चित्रपट करायचा होता, तो कधी झाला नाही.

'द क्राउड'च्या तीनच वर्षं आधी, १९२५ साली, आपल्याकडे बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' हा मूकपट केला होता. त्यात तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. जमीन सावकाराच्या घशात जाते आणि शेतकरी शहरात गिरणीकामगार होतो. दोन्ही चित्रपटांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. आपला माणूस शहरात येतो तो पाश आवळला म्हणून, जॉन येतो तो नशीब काढायला. आपल्याकडे शहर हा गोष्टीचा शेवट आहे, तिथे सुरुवात.

'द क्राउड' बघायचा तर आता अडचण नाही. अमेरिकेत त्याचे हक्क १ जानेवारी २०२४ ला खुले झाले, आणि त्याआधीच, १९८९ मध्ये, तिथल्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत निवडलेल्या पहिल्या पंचवीस चित्रपटांत त्याचा समावेश झाला होता. कार्ल डेव्हिस यांनी १९८१ मध्ये केलेलं संगीत असलेली प्रत मिळाली तर उत्तम. मूकपट शांततेत बघायचा नसतो. तेव्हाही थिएटरात वाद्यवृंद किंवा ऑर्गन असे, आपल्याकडे पेटी-तबला. पण एक दृश्य मात्र आवाज बंद करून बघा, शेवटचं. कॅमेरा मागे जात असताना नजर जॉनवरच ठेवा, आणि तो नेमका कधी हरवतो तिथे चित्रपट थांबवा. मी चार-पाच वेळा करून पाहिलंय. दर वेळी निराळ्याच जागी बोट थांबतं.